मामाच्या दाढेचं रक्त तीन दिवस थांबलं नव्हतं, मग मुलाची दाढ काढायची का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्यांचेच.

"ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. त्याची खालची अक्कलदाढ आडवी आलीय, दोनदा सुजून तोंड उघडत नव्हतं. डेंटिस्ट म्हणाले ऑपरेशन करून काढावी लागेल, थोडं हाड पण तासावं लागेल. पुढच्या शुक्रवारची तारीख दिलीय. रक्ताचं बीटी-सीटी केलं, नॉर्मल आलं. पण मी सातवीत असताना माझ्या मामाची दाढ काढली होती तेव्हा तीन दिवस रक्त थांबलं नव्हतं, शेवटी ॲडमिट करून रक्त चढवलं, ते उशीवरचं रक्त अजून डोळ्यासमोर आहे. मुलाचाही लहानपणी उन्हाळ्यात सारखा घोळणा फुटायचा आणि आता फुटबॉल खेळून आला की मांडीवर काळंनिळं पडतं ते पंधरा-पंधरा दिवस जात नाही. मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नको. सासूबाई म्हणतात घराण्यात रोग आहे असं बाहेर बोलू नको, घरात मुलगी आहे, उद्या तिचं लग्न करायचंय. डॉक्टरांना मामाचं सांगू का? ऑपरेशन रद्द करू का? माझंही अंगावरून जरा जास्तच जातं, मुलाच्या बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागलं होतं, पण ते काय बायकांचं असतंच."

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण शुक्रवार जवळ आलाय. मामाचं डॉक्टरांना सांगा, आज संध्याकाळीच फोन करून सांगा. ऑपरेशन रद्द करू नका, फक्त पुढे ढकला. आडवी अक्कलदाढ दोनदा सुजलीय म्हणजे ती तिसऱ्यांदाही सुजणार, ती काढावी लागेलच, पण ती आत्ता या शुक्रवारी निघाली नाही तर काही बिघडत नाही. रक्ताच्या तपासण्या व्हायला दोन-तीन आठवडे लागतील तेवढे घ्या.

आता तुमच्या पत्राबद्दल. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर अडकले. मामाचं तुम्ही चार ओळी लिहिलंत, मुलाचं दोन ओळी, आणि स्वतःचं जाता जाता एका ओळीत उरकलंत, ते पण "बायकांचं असतंच" म्हणून. मला तर ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. मामा एकटे असते तर म्हणता आलं असतं की त्यांचा टाका नीट बसला नसेल, जखमेत पू झाला असेल, पूर्वी सोयी कमी होत्या, काहीही. पण मामा, मग तुम्ही, मग तुमचा मुलगा, अशी एका माहेरची तीन माणसं रक्त जास्त जाणारी निघाली की डॉक्टरने हातातलं काम थांबवून विचार करायला हवा.

बीटी-सीटीवर तुमच्या मिस्टरांचा विश्वास बसलाय त्यात त्यांची चूक नाही, आपल्याकडे वर्षानुवर्षं दात काढायच्या आधी तेच करतात. पण त्यात काय बघतात ते समजून घ्या. बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला बारीक टोचायचं आणि रक्त किती मिनिटांत थांबतं ते घड्याळ लावून बघायचं. सीटी म्हणजे थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन ते कधी गोठतं ते बघायचं. आता ही नळीतली गोठण रक्तातला फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, अगदीच तळाला गेलेला असेल तरच लांबते, म्हणजे ज्याला फॅक्टर १०० च्या जागी १५ किंवा २० टक्के आहे त्याचंही सीटी बिनदिक्कत नॉर्मल येतं. तो माणूस रोजच्या जगण्यात ठणठणीत असतो, खेळतो, पडतो, उठतो, आणि पहिल्यांदा पकडला जातो तो दाढ काढल्यावर. दाढेची जागा म्हणजे हाडातला उघडा खड्डा, त्यावर धड टाका ओढून बंद करायला कातडी नाही, वरून सतत लाळ, आणि लाळेत रक्ताची गाठ विरघळवणारे घटक असतात, शिवाय जीभ तिथेच जाऊन चाचपत बसते. रक्त गोठण्याची इतकी कडक परीक्षा अंगावर दुसरीकडे क्वचितच होते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझा स्वतःचा दातांचा दवाखाना सुरू होऊन तिसरं-चौथं वर्ष असेल, एक नवीन लग्न झालेली मुलगी आली होती, सोबत सासरे. किडलेली दाढ, काढण्याशिवाय इलाज नव्हता. बीटी-सीटी नॉर्मल. मी विचारलं बीपी आहे का, शुगर आहे का, कसली ॲलर्जी आहे का, ती नाही नाही म्हणाली, मी दाढ काढली. रात्री दहा वाजता ती परत आली, तोंडाला टॉवेल लावून, टॉवेल भिजलेला. मी टाके घातले, गॉज दाबून धरला, रात्री दोनपर्यंत तिच्याजवळ बसून होते, शेवटी एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिशियनने तिला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला, पाळी किती दिवस जाते? ती म्हणाली, दहा दिवस. तो प्रश्न मी विचारला नव्हता कारण दातांच्या खुर्चीवर, सासऱ्यांसमोर, पाळीचं कसं विचारायचं असं मला वाटलं होतं. पुढे तिला व्हॉन विलेब्रँड नावाचा रक्त न थांबण्याचा आजार निघाला. ती बरी झाली, पण त्या रात्रीपासून मी प्रत्येक बाईला आणि मुलीला, सोबतच्या माणसाला बाहेर बसवून, हा प्रश्न विचारत आले. आणि पुरुष पेशंट असेल तर त्याच्या आईचं आणि मावशीचं विचारते.

म्हणून तुम्हाला आधी तुमचंच विचारते. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त जाते का? पहिल्या दोन-तीन दिवसांत तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का, अंथरुणावर डाग म्हणून खाली जुनी चादर घालून झोपता का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का? हिमोग्लोबिन कायम आठ-नऊ, लोहाच्या गोळ्या घेतल्या की वाढतं आणि सोडल्या की परत खाली, असं आहे का? कान टोचले तेव्हा काय झालं होतं? यातल्या दोन-तीन गोष्टींना जरी "हो" असेल तर ते "असतंच" मधलं नाही. बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागणं तर नाहीच नाही, त्याला दुसरी कारणं असू शकतात, वार अडकते, गर्भाशय आकसत नाही, पण तेव्हा कुणी रक्त गोठण्याच्या बाजूने बघितलं होतं का हे त्या जुन्या डिस्चार्ज कार्डवर मिळालं तर बघा. नसेल मिळत तर राहू दे.

बायकांचं रक्त मोजायचं राहून जातं ही गोष्ट खूप जुनी आहे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर ह्योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी होती, १९२४ च्या सुमारास तिला एरिक व्हॉन विलेब्रँड नावाच्या डॉक्टरांकडे आणलं. तिच्या बहिणी रक्तस्रावाने लहानपणीच गेल्या होत्या, आईवडील दोघांच्याही घरात रक्त जास्त जाणारी माणसं होती. तोवर डॉक्टर लोक धरून चालायचे की न थांबणारं रक्त हा पुरुषांचा आजार, म्हणजे हिमोफिलिया. या डॉक्टरांनी १९२६ मध्ये लिहिलं की हा आजार वेगळा आहे आणि तो मुलींनाही होतो. त्यांचंच नाव त्याला पडलं. ह्योर्डिस मात्र तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्त जाऊन वारली. आज तोच आजार आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा म्हणून ओळखला जातो, आणि अजूनही कितीतरी बायका तो अंगात घेऊन "माझं जरा जास्तच असतं" म्हणत जगतात.

तुमच्या घरात नेमकं काय असेल हे पत्रावरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही, पण दोन शक्यता समोर दिसतात.

एक, सौम्य हिमोफिलिया. यात फॅक्टर आठ कमी असतो, त्याला हिमोफिलिया ए म्हणतात, किंवा फॅक्टर नऊ कमी असतो, तो बी. याची जागा एक्स क्रोमोसोमवर असते आणि मुलाला तो क्रोमोसोम आईकडूनच मिळतो, म्हणून तो आईकडून मुलाकडे उतरतो. तुमच्या आजीकडून तो मामांना आला असेल, आजीकडूनच तुमच्या आईकडे, आईकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून मुलाकडे. आईकडे तो असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. वाहक म्हणजे नुसती पोचवणारी, तिला स्वतःला काही होत नाही, असं पूर्वी समजायचे, ते चुकीचं आहे. पुष्कळ वाहक बायकांचा स्वतःचा फॅक्टर कमी असतो, कुणाचा ४० टक्क्यांच्या खाली, आणि त्यांना पाळी, बाळंतपण, दात काढणं या तिन्ही ठिकाणी त्रास होतो. फॅक्टर १ टक्क्याच्या खाली असला तर गंभीर, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. गंभीर असता तर तुमच्या मुलाचे गुडघे-घोटे लहानपणापासून रक्त साचून सुजले असते, तो फुटबॉल खेळूच शकला नसता, तेव्हा त्या टोकाची भीती मनातून काढा. आणि हो, ज्या घरी आधी कुणालाच नव्हता तिथेही हिमोफिलिया निघतो, साधारण तिघांतल्या एकाच्या बाबतीत घरात काहीच इतिहास नसतो. तुमच्याकडे तो इतिहास आहे, ती माहिती हाताशी असताना दाबून ठेवू नका.

दुसरी शक्यता व्हॉन विलेब्रँडची. यात प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवणारं प्रथिन कमी असतं किंवा नीट काम करत नाही. बहुतेक प्रकारांत तो आई किंवा बाप कुणाकडूनही, मुलगा-मुलगी दोघांनाही येतो. घोळणा फुटणं, हिरड्यातून रक्त, पाळी जास्त, काळंनिळं पडणं, ही त्याची ओळख. तुमच्या पत्रातल्या खुणा मला याकडे जास्त झुकणाऱ्या वाटतात पण तेवढ्यावरून ठरत नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं, तुमचं किंवा तुमच्या आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का? आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न नवीन नाही. नात्यात लग्न असेल तर काही दुर्मिळ आजारही तपासावे लागतात. एकात प्लेटलेट्सचा आकडा अडीच लाख, अगदी छान, पण त्या एकमेकींना चिकटतच नाहीत. दुसऱ्यात फॅक्टर तेरा कमी असतो आणि नेहमीच्या गोठणाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. लहानपणी नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिलं होतं का, हे आईला विचारून ठेवा, फॅक्टर तेराची ती जुनी खूण आहे.

तपासण्यांचं आता. डेंटिस्टकडून फिजिशियनकडे किंवा थेट रक्तविकार तज्ज्ञ म्हणजे हिमॅटोलॉजिस्टकडे चिठ्ठी घ्या. सीबीसी आणि प्लेटलेट्स, शिवाय पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तपासण्या, हे कोल्हापुरात होतं. पण एपीटीटी नॉर्मल आलं की परत घरी तोच संवाद होईल, "बघ, नॉर्मल आहे". सौम्य हिमोफिलियात आणि व्हॉन विलेब्रँडमध्ये एपीटीटी नॉर्मल येऊ शकतं. म्हणून फॅक्टर आठ, फॅक्टर नऊ, व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (ते प्रथिन किती आहे) आणि त्याची ॲक्टिव्हिटी (ते किती काम करतं), हे चार आकडे हातात येईपर्यंत तपासण्या अर्धवट सोडायच्या नाहीत. पहिलं पाऊल म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत गेलात तरी चालेल, तिथे आपलं सरकारी मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, आणि गुंतागुंतीचं निघालं तर मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, त्यांचं कामच हे आहे.

सँपलबद्दल एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण इथे रिपोर्ट बिघडतात. हे रक्त फिकट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि ती ट्यूब खुणेपर्यंत पूर्ण भरावी लागते, अर्धी भरली तर आकडे चुकीचे येतात. रक्त घेतल्यापासून साधारण चार तासांत त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा पातळ भाग, वेगळा व्हायला हवा. बाहेरगावी पाठवायचं असेल तर प्लाझ्मा गोठवून, बर्फात. नुसती ट्यूब संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर लागली तर फॅक्टर आठ उगाचच कमी दिसेल. लॅबमध्ये विचारा, प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवून पाठवता का? नाही म्हणाले तर स्वतः पुण्याला जाऊन तिथेच रक्त द्या, एक दिवस जाईल पण रिपोर्टवर विश्वास ठेवता येईल. आणि मुलाच्या दाढेला सूज असताना, ताप असताना हे रक्त देऊ नका. व्हॉन विलेब्रँडची पातळी सूज, ताप, ताण, गरोदरपण यात वर चढते आणि खरा आजार झाकला जातो. त्यामुळे एकदा नॉर्मल आलं तरी डॉक्टर परत करायला सांगतात, तेव्हा पैसे काढायला सांगतायत असं समजू नका.

डेंटिस्टना कसं सांगायचं याची तुम्हाला धास्ती वाटतेय हे पत्रातून कळतं. सरळ म्हणा, "डॉक्टर, माझ्या मामांचं दाढेनंतर तीन दिवस रक्त थांबलं नव्हतं, मला बाळंतपणात रक्त चढवलंय, मुलाचा घोळणा फुटायचा, आपण फॅक्टरच्या तपासण्या करून मग दाढ काढूया." चांगला डॉक्टर तुमचे आभार मानेल. मी मानले असते.

आजार निघालाच तर ऑपरेशन कसं होतं तेही सांगते, म्हणजे भीती कमी होईल. अशी दाढ एकट्याच्या छोट्या दवाखान्यात काढायची नाही, जिथे फिजिशियन आणि गरज पडली तर फॅक्टर द्यायची सोय आहे तिथे ओरल सर्जनकडून काढायची. शुक्रवार तर नकोच, सोमवार-मंगळवारची सकाळ मागा, म्हणजे रक्त सुरू झालं तरी दिवसा, डॉक्टर जागेवर असताना होईल आणि रविवारी बंद दारासमोर उभं राहावं लागणार नाही. त्याआधी दोन-तीन आठवडे दातांची सफाई करून घ्या, हिरड्या निरोगी असल्या की रक्त मुळातच कमी येतं.

खालच्या दाढेसाठी जबड्याच्या आत खोल एक इंजेक्शन देऊन नस बधिर करतात. रोजचं इंजेक्शन आहे ते, पण फॅक्टर कमी असलेल्या माणसाला आधी तयारी न करता दिलं तर आतल्या आत रक्त साचून सूज घशाकडे उतरू शकते आणि श्वास अडू शकतो. लोकांना वाटतं धोका दाढ उपटताना, पण धोका त्याच्याही आधी सुईपासून सुरू होतो. म्हणूनच "आधी काढू, रक्त आलंच तर बघू" हे इथे चालत नाही. त्या सुईच्या आधी फॅक्टर साधारण ५० टक्क्यांच्या आसपास असावा असं बघतात, नेमका आकडा तुमचे हिमॅटोलॉजिस्ट ठरवतील. सौम्य हिमोफिलिया ए आणि व्हॉन विलेब्रँडच्या पहिल्या प्रकारात डेस्मोप्रेसिन नावाचं औषध शरीरातच साठलेला फॅक्टर बाहेर काढतं, पण ते प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही म्हणून ऑपरेशनच्या आधी वेगळ्या दिवशी देऊन, आकडा किती चढला ते मोजून बघतात, आणि ते घेतल्यावर दिवसभर पाणी बेतानं प्यायचं असतं. हिमोफिलिया बी मध्ये त्याचा उपयोग नाही, तिथे फॅक्टर नऊच शिरेतून द्यावा लागतो. फॅक्टर महाग असतो पण निदान कागदावर पक्कं झालं की राज्यात सरकारी हॉस्पिटलांमधून तो मोफत दिला जातो, त्याची चौकशी सीपीआरमध्ये आधीच करून ठेवा.

या सगळ्यासोबत एक साधं, स्वस्त औषध असतं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. तुम्हाला गायनॅकने पाळीसाठी कधी गोळ्या दिल्या असतील तर बहुधा हेच असणार. ते नवीन गाठ बनवत नाही, बनलेली गाठ विरघळू देत नाही, म्हणून लाळेच्या जागी ते फार कामाचं. गोळी देतात आणि त्याच औषधाच्या पाण्याने गुळणीही देतात, साधारण आठवडाभर. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ते जगासमोर आणलं, आणि उताकोबाईंच्या मनात होत्या बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका. २०१७ मध्ये वीस हजार बायकांच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर ते खरंच जीव वाचवतं. तुमच्या बाळंतपणात जे औषध उपयोगी पडलं असतं तेच तुमच्या मुलाच्या दाढेला लागणार आहे, मला ही गोष्ट लिहिताना भरून आलं.

सर्जन दाढेच्या खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवतील, टाके घालतील. पुढचं घरी तुमच्याकडे. गॉज दाबून धरायला सांगितला तर अर्धा तास दाबायचा, मधे दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही. पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, झोपताना दोन उशा. गरम चहा नको, तांबडा रस्सा आणि मिसळ आठवडाभर विसरा, थंड दूध, दहीभात, गार केलेली नाचणीची आंबील, केळं यावर राहू दे. खड्ड्यात हळद, कापूर, मिश्री, कुणी काहीही सांगितलं तरी काही भरायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही, आणि कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन असतं हे लक्षात ठेवा कारण मेडिकलवाले दात दुखतोय म्हटलं की तीच देतात. दंडात किंवा कमरेत इंजेक्शनही नको, स्नायूत रक्त साचतं.

आणि पहिल्या दिवशी रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हॉन विलेब्रँडमध्ये रक्त लगेच वाहतं पण हिमोफिलियात पहिली गाठ बनते, चार-सहा तासांनी किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सुटते आणि तेव्हा सुरू होतं. लाळ गुलाबी दिसली तर घाबरायचं नाही, थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की खूप वाटतं. पण तोंड सारखं लाल रक्ताने भरायला लागलं किंवा दाढेच्या जागी काळसर जेलीसारखा गोळा लोंबला तर सर्जनना फोन करायचा. आणि गळ्याला सूज, आवाज बदलला, गिळता येईना, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. त्या मुलीच्या काळजीनेच बोलतायत, आपल्या गावात कोणत्या घरात काय आहे हे महाद्वार रोडवर एका फेरीत समजतं. गावभर सांगायची गरज नाहीच. पण डॉक्टरला सांगणं म्हणजे बाहेर बोलणं नव्हे, आणि मुलीपासून लपवणं तर अजिबात नको. मुलगी किती वर्षांची, तिची पाळी कशी आहे, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. मुलाला काही निघालं तर तिचीही तपासणी व्हायला हवी, कारण तिला न सांगता लग्न लावून दिलं तर तिच्या पहिल्या बाळंतपणात तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसेल, आणि तेव्हा दोन बाटल्या वेळेवर मिळतीलच असं नाही. माहीत असलं की बाळंतपण व्यवस्थित पार पडतं, नोकरी, संसार, मुलंबाळं सगळं होतं. सासूबाईंना हे असं सांगून बघा. तुम्हाला बहीण असेल तर तिला आणि तिच्या मुलांनाही कळवा.

तुमचं स्वतःचं रक्त मुलाबरोबर त्याच दिवशी द्या, त्याच लॅबमध्ये, त्याच चार तपासण्या, वर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. पाळीच्या गोळ्या किंवा हॉर्मोन चालू असतील तर ते आधी डॉक्टरना सांगा, त्यानेही आकडे हलतात. मिस्टर म्हणाले "तुझं कशाला", तर सांगा की मुलाच्या आजाराचा रस्ता कुठून आलाय ते कळायला आईचं रक्त लागतं. ते खरंच लागतं. आणि तसं नसतं तरी तुम्ही ते द्यायला हवं होतं.

तारीख येईपर्यंत दाढ परत ठणकली तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रशने त्या कोपऱ्याची सफाई, पॅरासिटामॉल, आणि अँटिबायोटिक लागलं तर डेंटिस्टना विचारूनच. ताप आला, गाल खाली हनुवटीकडे सुजायला लागला किंवा तोंड दोन बोटंही उघडेना, तर तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा आणि केसपेपरवर पहिल्या ओळीत मामाचं, तुमचं आणि मुलाचं रक्ताचं लिहून घ्या. फुटबॉल तोपर्यंत बंद.